गिरणगावातला सिंथेसायझर : एक प्रस्तावना

इंग्रजीत गाणारे, सिंथेसायझर वाजवणारे, सिनेमाच्या बाहेर राहून पदरचे पैसे घालून रेकॉर्ड काढणारे मुंबईचे बँड हा मराठीत लिहिण्याजोगा विषय आहे का, या प्रश्नाला माझं उत्तर भूगोलापासून सुरू होतं. प्रभादेवी स्टेशनवर उतरा. जुलै 2018पर्यंत त्याची पाटी एल्फिन्स्टन रोडची होती. पश्चिमेला सयानी रोडवर रवींद्र नाट्य मंदिर आहे. मराठी नाटकं आणि वाद्यवृंदांचे कार्यक्रम तिथे वर्षानुवर्षं होत आले. पूर्वेला पूल ओलांडला की परळ आणि लालबाग. तिथल्या बेंजो पार्ट्या गणपतीत रस्ता दणाणून सोडतात. दक्षिणेला लोअर परळकडे चालत गेलं की मथुरादास मिलचं कंपाउंड येतं. तिथे 2007 ते 2016 या काळात ब्लू फ्रॉग नावाचा क्लब होता आणि या पुस्तकातले अलीकडचे बहुतेक बँड त्या मंचावर कधी ना कधी उभे राहिले. चालत पालथा घालता येईल एवढ्या या टापूत, तीन वेगवेगळ्या श्रोत्यांसमोर, एकाच कुळातली यंत्रं वाजत होती. वाद्यवृंदातला कीबोर्ड, मिरवणुकीतला ऑक्टोपॅड आणि क्लबातला सिंथेसायझर ही सख्खी भावंडं आहेत. पहिल्या दोघांना आपण आपलं मानलं. तिसऱ्याला मात्र ‘त्या लोकांचं’ म्हणून सोडून दिलं.

हे सोडून देणं आपल्याला महाग पडलं आहे. मुंबईत तयार झालेल्या सायकेडेलिक आणि सिंथ-पॉप संगीताचा शोध आधी ॲमस्टरडॅम आणि लॉस एंजेलिसच्या माणसांनी घेतला. आपल्याकडे त्या रेकॉर्डी जुन्या बाजारात पडून होत्या. वाजवणारी माणसं याच शहरात राहत होती, रोजच्या कामाला जात होती, आणि त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

सुरुवात गिटारपासून झाली. साठच्या दशकाच्या अखेरीला इंपीरियल टोबॅको कंपनीने आपल्या सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी बँडच्या स्पर्धा भरवल्या आणि 1970 व 1971 साली निवडक बँडच्या एलपी काढल्या. आज त्या रेकॉर्डी जगभरचे संग्राहक शोधत असतात. स्वतंत्र संगीताला भारतात पहिला मोठा आश्रय सिगारेट कंपनीचा मिळाला, पुढे शीतपेयांचा आणि मद्याच्या ब्रँडचा. या संगीताचा खर्च कुणी उचलला हे वाचकाने पहिल्यापासून ध्यानात ठेवावं, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तोच प्रश्न उभा राहतो. सिद्धार्थ भाटिया यांचं ‘इंडिया सायकेडेलिक’ हे 2014चं पुस्तक त्या पिढीचं चांगलं चित्र देतं. मराठीत त्या तोडीचं काही नाही.

त्या पिढीत आपल्या घरातला एक माणूस होता, आणि त्याच्यावर थोडं थांबायला हवं. नंदू भेंडे हे रंगकर्मी आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. म्हणजे घरात बबन प्रभूंचे फार्स, नाटकांच्या तालमी, मराठी रंगभूमीवरची माणसं. अशा घरातला मुलगा वेल्व्हेट फॉग, सॅव्हेजेस आणि ॲटॉमिक फॉरेस्ट या बँडमध्ये गायला. 1974 साली अलेक पदमसी यांनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ मुंबईत आणलं, तेव्हा जूडासची भूमिका नंदूंनी केली. चार वर्षांनी पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने पु. ल. देशपांड्यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली उभं केलं. ब्रेख्तच्या नाटकाचा तो मराठी अवतार. त्यातला अंकुश नंदूंनी रंगवला, आणि रॉकच्या गळ्याने मराठी शब्द म्हटले. पु. लं.च्या नाटकात मुंबईच्या रॉक गायकाने गाणं, हे त्या काळात कुणाला विपरीत वाटलं नाही. ती वाट चालू राहिली असती तर मराठी पॉपचा इतिहास वेगळा झाला असता, असं माझं ठाम मत आहे.

ॲटॉमिक फॉरेस्टची ‘ऑब्सेशन 77’ ही एलपी भारतीय सायकेडेलिक रॉकची सगळ्यात महत्त्वाची रेकॉर्ड मानली जाते. त्या वळणाच्या बँडना इथे स्वतःची अख्खी रेकॉर्ड काढायची संधी क्वचितच मिळाली. बहुतेकांचं संगीत हॉटेलांच्या डिस्कोथेकमध्ये रोज रात्री वाजलं आणि तिथेच विरलं. 2011 साली लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन कंपनीने ती रेकॉर्ड पुन्हा बाजारात आणली, तेव्हा कुठे जगाला तिची ओळख झाली. नंदू तोवर दूरवर निघून आले होते. ऐंशीच्या दशकात त्यांनी ‘डिस्को दुनिया’ काढली. ‘डिस्को डान्सर’ या 1982च्या सिनेमात बप्पी लाहिरींसाठी ‘कृष्णा धरती पे आजा तू’ गायलं. बँडचा गायक ते यंत्रांच्या साथीने एकट्याने ध्वनिमुद्रण करणारा संगीतकार, असा त्यांचा प्रवास झाला. 11 एप्रिल 2014 रोजी ते गेले. त्यांचा हा प्रवास म्हणजे या पुस्तकाच्या विषयाचा कणा आहे. गिटारच्या भोवती जमलेली चार-पाच माणसं आणि यंत्रासमोर बसलेला एक माणूस, या दोन टोकांच्या मध्येच सिंथ-पॉप जन्माला येतो.

1982 हे साल इथे पुन्हा पुन्हा येईल. 18 जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि प्रभादेवी ते भायखळा या पट्ट्यातले भोंगे थांबले. त्याच वर्षी त्याच शहरात चरणजित सिंग नावाच्या वादकाने एचएमव्हीसाठी एक एलपी ध्वनिमुद्रित केली : ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’.

चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे वादक. गिटार आणि कीबोर्ड ही त्यांची वाद्यं. राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांचा हात असे; नाव कुठेच नसे. सिनेमाला सिंथेसायझर नवा नव्हता. सत्तरच्या दशकातच केर्सी लॉर्ड यांनी मिनीमूग आणून संगीतकारांना त्याची चव दाखवली होती. पण तिथे ते यंत्र मसाल्यासारखं वापरलं जाई. भुताचा प्रवेश, स्वप्नाचं दृश्य, खलनायकाचा अड्डा अशा जागी चिमूटभर. चरणजित सिंगांनी सिंगापूरहून रोलँड कंपनीची तीन यंत्रं आणली : टीआर-808 हे ठेक्याचं, टीबी-303 हे बासचं आणि ज्युपिटर-8 हा कीबोर्ड. घरी सराव करताना त्यांना सुचलं की सिनेमात सगळीकडे डिस्को चाललाच आहे, तर तबला बाजूला ठेवावा, त्याच्या जागी डिस्कोचा ठेका घ्यावा आणि वर राग वाजवावा.

हे साधं वाटतं. पण टीबी-303चं काम समजून घेतलं तर त्यातली करामत कळते. एकट्या गिटारवादकाला साथ देणारा बासवादक हवा म्हणून कंपनीने ते बनवलं होतं. एका वेळी एकच स्वर वाजवणारं, स्वरांची ओळ एकदा भरून ठेवली की तीच फिरवत राहणारं. त्याला दोन बटणं फार महत्त्वाची. एक आवाजातला वरचा भाग कापतं, दुसरं कापलेल्या जागी आवाजाला धार आणतं. वाजत असताना ती फिरवली की तोच स्वर कधी दबका, कधी टोकदार, कधी ओला होतो. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात आहे. पियानोच्या जातीच्या वाद्यावर ही घसरण, म्हणजे मींड, निघत नाही, म्हणून रागसंगीतातले अनेक जाणकार पेटीलासुद्धा कित्येक वर्षं नावं ठेवत आले. आकाशवाणीने 1940 साली तिच्यावर बंदीच घातली होती. या छोट्या जपानी यंत्रात मात्र घसरण होती. चरणजित सिंगांनी ती ओळखली. ठेक्याचं आणि बासचं यंत्र तारेने जोडून एका लयीत बांधलं आणि ज्युपिटरवर हाताने राग उलगडला. भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. एकच बासची ओळ फिरत राहते आणि तिच्यावर स्वर हळूहळू चढत जातात. ऐकणाऱ्याचं भान हलकं करणारा जो गुण सायकेडेलिक संगीतात शोधतात, तो इथे गांजाच्या धुराशिवाय, रियाजातून आलेला आहे.

रेकॉर्ड चालली नाही. रोलँडनेही टीबी-303 खप नसल्यामुळे 1984 साली बंद केलं. मग अमेरिकेत शिकागोतल्या तरुणांनी जुन्या बाजारातून ते स्वस्तात उचललं आणि 1987 साली फ्यूचर या गटाच्या ‘ॲसिड ट्रॅक्स’ने ॲसिड हाउस नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार जगाला दिला. मुंबईची रेकॉर्ड त्याच्या पाच वर्षं आधीची. 2002 साली एदो बाऊमन या डच संग्राहकाला दिल्लीत तिची एक प्रत सापडली. 2010 मध्ये त्याने आपल्या बॉम्बे कनेक्शन या लेबलवर ती पुन्हा काढली, तेव्हा पाश्चात्त्य श्रोत्यांचा विश्वास बसेना. कुणा युरोपियन संगीतकाराने केलेली ही बनावट असावी, अशी शंका निघाली. चरणजित सिंग मुंबईतच होते. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोपातल्या मंचांवर जाऊन हे राग वाजवून आले आणि जुलै 2015 मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांना ‘ॲसिड हाउसचे जनक’ म्हणण्याची घाई मला मान्य नाही. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकली होती याला आधार नाही, आणि चरणजित सिंगांचं मोठेपण त्या पदवीवर अवलंबूनही नाही. एका वाद्यवृंदातल्या वादकाने, कुणी मागितलं नसताना, स्वतःच्या कानावर भरवसा ठेवून केलेलं ते काम आहे. स्वतंत्र संगीताची याहून चांगली व्याख्या मला माहीत नाही.

नव्वदच्या दशकाविषयी थोडक्यात. ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव 1986पासून धोबी तलावच्या रंगभवनाशी जोडला गेला होता. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे ती उघडी जागा पुढे संगीताला बंद झाली, आणि शहरातली स्वस्त, मध्यवर्ती, तरुणांना परवडणारी जागा गेली ती गेलीच. उदारीकरणानंतर परदेशी वाद्यं मिळणं सोपं झालं, केबलवर संगीत वाहिन्या आल्या. 1994 साली मुंबईत पेंटाग्राम हा बँड स्थापन झाला. विशाल ददलानी गायक, रँडॉल्फ कोरिया गिटारवर. 1996च्या पहिल्या अल्बममध्ये ते सरळ रॉक वाजवत होते. 2002च्या ‘अप’पर्यंत संगणकावरचे ठेके आणि सिंथेसायझर त्यांच्या गाण्यांच्या मध्यभागी आले. बँडने यंत्राला पाहुणा न ठेवता घरचा माणूस केलं, ते इथे. पुढे कोरिया आणि मोनिका डोग्रा यांनी ‘शाइर अँड फंक’ ही जोडी उभी केली. ‘लाइट ट्राइब’ (2008) आणि ‘मँटिस’ (2010) हे त्यांचे अल्बम लागोपाठ ऐकावेत. दोनच माणसं आणि यंत्रं एवढ्यावर बँडचा भरगच्च आवाज कसा उभा राहतो हे त्यांत स्पष्ट कळतं.

आणि मग गिरणी. ब्लू फ्रॉग उभा करणाऱ्यांत आशुतोष फाटक आणि ध्रुव घाणेकर हे दोन मराठी संगीतकार होते, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. दोघेही जाहिरातींच्या संगीतात नाव कमावलेले. जाहिरातीतून आलेला अनुभव आणि पैसा त्यांनी अशा जागेत घातला जिथे बँडने दुसऱ्यांची लोकप्रिय गाणी न वाजवता स्वतःची वाजवावीत. क्लबला लागून ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओही होते. उत्तम ध्वनिव्यवस्था, आठवड्यातल्या बहुतेक रात्री मंच खुला, आणि वादकाला मानधन. मुंबईच्या स्वतंत्र बँडना हे तिन्ही एका छपराखाली क्वचितच मिळालं होतं.

ते छप्पर गिरणीचं होतं, ही गोष्ट मी टाळून पुढे जाणार नाही. 1991च्या विकास नियंत्रण नियमाने आणि 2001 साली त्यात झालेल्या बदलाने गिरण्यांच्या जमिनींची वाट मॉल, मनोरे आणि क्लबांकडे वळली. ज्यांच्या घामाने त्या भिंती काळवंडल्या, त्यांच्या मुलांना त्या दारातून आत जाणं परवडणारं नव्हतं. बँडनी हे घडवलं नाही, पण ते त्या जागेत गायले. म्हणून त्यांचं संगीत मनापासून आवडूनही, त्याच्या खाली कुणाची जमीन होती हे लिहिणं मला संगीतावर लिहिण्याइतकंच गरजेचं वाटतं.

या काळातला ‘सायकेडेलिक सिंथ-पॉप’ या वर्णनाला सगळ्यात जवळचा बँड म्हणजे नवी मुंबईचा स्काय रॅबिट. आधी ते मेड्युसा नावाने वाजवत. रक्षित तिवारी गायक आणि सिंथेसायझरवर, राहुल नाडकर्णी गिटारवर, सिद्धार्थ शाह बासवर, हर्ष करंगळे ड्रमवर. 2012 साली काउंटर कल्चर या स्वतंत्र लेबलवर त्यांचा बँडच्याच नावाचा अल्बम आला. त्यातल्या एका गाण्याचं नाव ‘अँटी-कोक गणपती’ आहे. या शहरात वाढलेल्या पोरांखेरीज कुणाला हे नाव सुचलं नसतं. गाणी इंग्रजीत, पण त्यांतली गर्दी, उकाडा आणि पेंगुळलेला लांब प्रवास मला इथलाच वाटतो. गिटार आणि सिंथेसायझर यांच्यातली सीमा ते पुसून टाकतात. कुठला आवाज तारेतून आला आणि कुठला यंत्रातून हे कळेनासं होतं. वर तिवारींचा गळा, कुठेही न ओरडणारा. नंतर तिवारींनी ‘युअर चिन’ या नावाने एकट्याने काम केलं. नंदू भेंड्यांच्या बाबतीत जे घडलं, तेच पुन्हा : बँडमधून यंत्रासमोरच्या एकट्या खुर्चीकडे.

बँडची कारकीर्द वर्षं आणि अल्बम मोजून मांडायची तर मुंबईच्या स्वतंत्र बँडांची तोकडीच दिसेल. एक-दोन अल्बम, काही महोत्सव, आणि मग सदस्य आपापल्या वाटेला. जागेचं भाडं, तालमीच्या खोलीचे तासाचे दर, उपनगरातून कीबोर्ड घेऊन लोकलने येणं, आणि सिनेमा व जाहिराती यांची हमखास मिळकत, या साऱ्याचा तो परिणाम आहे. याला अपयश म्हणायला मी तयार नाही. पेंटाग्रामचे ददलानी सिनेमाचे संगीतकार झाले, फाटक-घाणेकरांनी जाहिरातीच्या पैशातून मंच बांधला, चरणजित सिंगांनी सिनेमाच्या कमाईतून यंत्रं आणली. या शहरात ‘स्वतंत्र’ संगीत कधीच पूर्ण सुटं नव्हतं. सिनेमाच्या पैशावर पोट भरून, उरलेल्या रात्रीत ते केलं गेलं. म्हणून बँडांपेक्षा माणसांचा माग काढावा, एका गटातून दुसऱ्यात गेलेला हात ओळखावा, अशी माझी या विषयाच्या अभ्यासकांना सूचना आहे.

आणि माग काढताना परळ-लालबागच्या बेंजो पार्टीला वगळू नये. विजेवर चालणारा बेंजो, त्याच्या आवाजाला दिलेला लांब प्रतिध्वनी, शेजारी कीबोर्ड आणि रोलँडचाच ऑक्टोपॅड : मिरवणुकीत हे सगळं तासन्‌तास एकाच ठेक्यावर चालतं आणि नाचणाऱ्यांना वेळेचं भान राहत नाही. ब्लू फ्रॉगमध्ये तिकीट काढून जे ऐकायला लोक येत, त्याच्याशी याचं नातं किती जवळचं आहे, हे दोन्हीकडच्या वादकांनी एकमेकांना ऐकल्याशिवाय कळणार नाही. ते ऐकणं अजून व्हायचं आहे.

वाचकाला एक विनंती. तुमच्या घरात कुणी सत्तर-ऐंशीच्या दशकात बँडमध्ये, वाद्यवृंदात किंवा बेंजो पार्टीत वाजवलं असेल, तर माळ्यावरच्या कॅसेट आणि टेप भंगारात देऊ नका. दमट हवेत चुंबकीय फीत लवकर चिकटते आणि बुरशी धरते. ती अजून वाजत असेल तोवर तिची संगणकावर प्रत करून घ्या. फोटोंच्या मागे नावं आणि साल लिहा. कुणी काय वाजवलं, कुठे वाजवलं, किती पैसे मिळाले, हे त्या माणसाला आजच विचारा आणि मराठीत लिहून ठेवा.